काळा गळा, निळा गळा: हरेवा ओळखायचा कसा, ऐकायचा कसा आणि परसात टिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा: रायगड जिल्ह्यात घरामागे एक जुनी काटेसावर, आंब्याची काही कलमं आणि पलीकडे जंगलाचा पट्टा आहे. फेब्रुवारीत तिथे बुलबुलाएवढा पानासारखा हिरवा पक्षी येतो. एकाचा गळा काळा, दुसऱ्याचा निळसर. झाडातून शिक्रा, कोतवाल, बुलबुल असे आवाज एकामागून एक येतात आणि आवाज ओळखणारं ॲप दर मिनिटाला नवं नाव सांगतं. हे दोन पक्षी एकाच जातीचे नर-मादी की दोन जाती? एवढे आवाज कोणाचे? आणि हा पक्षी वर्षभर यावा म्हणून काय करता येईल?

पक्षी हरेवा आहे. काही यादींत याला पर्णपक्षी म्हटलेलं दिसेल, आणि गावात कोणी ‘हिरवा बुलबुल’ म्हणेल. बुलबुलांशी त्याचं जवळचं नातं नाही. हरेव्यांचं कुळ वेगळं असून ते मुख्यतः दक्षिण आणि आग्नेय आशियात आढळतं. महाराष्ट्र-गोव्यात त्यातल्या दोन जाती भेटतात: सोनकपाळी हरेवा आणि जर्डनचा हरेवा. हिमालयात आणि ईशान्येत नारिंगी पोटाचा एक देखणा भाऊबंद आहे, पण तो इकडे दिसत नाही. परदेशी फोटो पाहून रायगडात त्याची नोंद करणारे मात्र अधूनमधून निघतात.

आता गळ्याचा प्रश्न, कारण सगळा घोळ तिथेच होतो. बहुतेक जण काळा गळा म्हणजे नर आणि फिका गळा म्हणजे मादी असं धरून दोघांना एका जातीत घालतात. जर्डनच्या बाबतीत हे बरोबर आहे. नराचा चेहरा आणि गळा काळा, मादीचा गळा फिकट निळसर-हिरवा, आणि दोघांच्याही चोचीच्या मुळापासून खाली उतरणारा निळा मिशीसारखा पट्टा. सोनकपाळीचा हिशेब वेगळा आहे. तिथे नर-मादी दोघांचाही गळा काळा असतो, मादीचं कपाळ फक्त थोडं फिकं. म्हणजे तुमच्या झाडावर निळसर गळ्याचा प्रौढ पक्षी नीट दिसला असेल तर ती जर्डनची मादी. ‘सोनकपाळीची मादी’ असं लिहून आलेली निळसर गळ्याची नोंद जवळपास नेहमीच चूक असते.

काळ्या गळ्याचा जोडीदार मग जर्डनचा नर की सोनकपाळी? कपाळावर केशरी-सोनेरी रंग स्पष्ट असेल तर सोनकपाळी. पण इथे दोन फसव्या जागा आहेत. जर्डनच्या नराच्या काळ्या मुखवट्याभोवती पिवळसर किनार असते, आणि तिरप्या उन्हात ती कपाळावर सोनं लावल्यासारखी चमकते. दुसरी जागा म्हणजे पराग. सावरीच्या आणि पळसाच्या फुलात डोकं खुपसणाऱ्या पक्ष्याचं कपाळ परागाने माखतं, आणि दुर्बिणीतून तो पराग पिसांच्या रंगासारखाच वाटतो. म्हणून कपाळावरून लगेच निर्णय देऊ नका. काळ्या रंगाचा विस्तार बघा. सोनकपाळीचा काळा रंग गळ्यावरून छातीच्या वरच्या भागापर्यंत ओघळल्यासारखा मोठा असतो, जर्डनच्या नराचा त्यामानाने आटोपशीर. खांद्यावरच्या फिरोजी-निळ्या ठिपक्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. बसलेल्या पक्ष्यात तो बऱ्याचदा पिसांखाली झाकलेला असतो.

पुस्तकांतल्या चित्रांबद्दलही एक सावधगिरी. उत्तर भारतातल्या सोनकपाळीच्या गळ्यात निळा-जांभळा रंग बराच असतो, आपल्याकडच्या उपजातीचा गळा काळा आणि निळा रंग फक्त मिशीपुरता. चित्रात उत्तरेकडचा पक्षी असेल तर तुमचा पक्षी त्याच्याशी जुळणार नाही, आणि मग विनाकारण तिसऱ्याच जातीचा शोध सुरू होतो.

पिल्लांचं काय? घरट्यातून नुकती बाहेर पडलेली दोन्ही जातींची पिल्लं साधारण सगळी हिरवीच असतात. सोनकपाळीच्या पिल्लाला ना सोनेरी कपाळ, ना काळा गळा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे असा कोरा हिरवा पक्षी दिसला तर त्याला भरवायला कोण येतं ते पाहावं. पाच-दहा मिनिटं थांबायची तयारी नसेल तर ‘हरेवा, जात अनिश्चित’ एवढंच लिहावं. ही नोंद कमीपणाची नाही. चुकीच्या नावापेक्षा ती कितीतरी उपयोगाची असते.

हिरवा दिसला म्हणजे हरेवाच, असंही नाही. तांबट आणि कुटुरगा जाड चोचीचे, बुटके, एकाच जागी ठाण मांडून बसणारे. चष्मेवाला हरेव्याच्या निम्म्या आकाराचा, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि सदैव टोळीत. सुभग या छोट्या पक्ष्याची मादी हिरवट-पिवळी असते, पण तिच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात. हरेव्याच्या पंखांवर पट्टे नसतात. हिवाळ्यात येणारे वटवटे त्याच पानांत फिरतात, पण ते अगदी लहान आणि मळकट. हरेवा १८ ते २० सेंटिमीटरचा, लालबुड्या बुलबुलाएवढाच, पण अंगाने सडपातळ, आणि त्याची चोच टोकाशी किंचित खाली वाकलेली. पाठमोरा, सावलीत, रंग न दिसणारा पक्षीही या चोचीमुळे आणि हालचालीमुळे ओळखता येतो. फांदीच्या शेवटच्या काडीला तो उलटा लटकतो, पानाच्या खालच्या बाजूची अळी टिपतो, झोका घेऊन पुढच्या काडीवर जातो. बुलबुल इतकी कसरत करत नाही.

आता आवाज. तुमच्या ॲपने दाखवलेले शिक्रा, कोतवाल आणि बुलबुल बहुधा एकाच चोचीतून आलेले आहेत. हरेवा पट्टीचा नकलाकार आहे, दोन्ही जाती. त्याचं स्वतःचं गाणं मधुर, घोळदार शिट्ट्यांचं असतं आणि त्यातच तो दुसऱ्यांचे तुकडे विणतो. ॲप प्रत्येक तुकडा सुटा ऐकतं आणि त्या तुकड्याच्या मूळ मालकाचं नाव देतं. ॲप बिघडलेलं नसतं, ते फक्त भोळं असतं.

नक्कल आहे हे कानाने ओळखायच्या काही खुणा आहेत. पहिली, सगळे आवाज एकाच फांदीवरून, एकाच उंचीवरून येतात. दुसरी, तुकडे अर्धवट असतात. खरा शिक्रा आपली हाक पुन्हा पुन्हा देतो, हरेवा ती एकदोनदा देऊन लगेच कोतवालाकडे वळतो, तिथून दयाळाकडे, मग शिंप्याकडे. तिसरी खूण बाकी पक्ष्यांच्या वागण्यात आहे. खरा शिक्रा बोलला तर चष्मेवाले गप्प होतात किंवा गलका करतात. नकलेनंतर ते निवांत चरत राहिले तर संशय घ्यायला हरकत नाही, अर्थात ही खूण दर वेळी लागू पडतेच असं नाही. सह्याद्रीच्या दाट रानात आणखी एक नकलाकार असतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पानं असलेला पल्लवपुच्छ कोतवाल. त्याचा आवाज जास्त धातूसारखा आणि मोठा, आणि तो बहुधा झाडीच्या मधल्या थरात उघड्या फांदीवर बसलेला सापडतो. हरेवा पानांच्या छतात असतो. आवाजाची नोंद पाठवायची असेल तर फोनवर सलग दोन-तीन मिनिटं ध्वनिमुद्रण करा आणि पक्षी प्रत्यक्ष दिसल्याशिवाय ॲपने सांगितलेली नावं यादीत चढवू नका. शिक्रा न पाहता ‘शिक्रा, १’ अशी नोंद गेली की ती पुढे कायमची चिकटते.

पक्षी नीट बघायचा तर एक सवय लावून घ्यावी: पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, झाड निवडायचं. हिरव्या पानात हिरवा पक्षी शोधणं म्हणजे डोळे शिणवणं. पण जानेवारी ते मार्च काटेसावर, पळस आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात, तेव्हा तोच पक्षी लाल-केशरी फुलांवर उघडा पडतो. हरेव्याच्या जिभेचं टोक ब्रशसारखं तंतुमय असतं, त्याने तो मध टिपतो. सकाळी ऊन वर येण्याआधी जा, सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा, झाडापासून ३० ते ४० मीटरवर. अगदी बुंध्याशी उभं राहिलात तर मान मोडेल आणि दिसेल ते फक्त पोट. ८×४२ ची दुर्बीण पुरते. पहिली १५-२० मिनिटं फक्त मोजा, कोणत्या फांदीवर कोण येतं आणि कोण कोणाला हाकलतं.

हाकलणं हा हरेव्याचा खास विषय आहे. फुललेल्या फांदीचा तो मालक होऊन बसतो आणि शिंजीर, चष्मेवाले, कधी बुलबुलांनाही पिटाळतो. पण सगळीकडे नाही. मोठ्या सावरीवर हजारो फुलं असतात, मैना, कावळे, कोतवाल, खारी सगळेच तुटून पडतात. एवढं झाड राखणं एकट्याला परवडत नाही, त्यामुळे तिथे तो बाहेरच्या फांद्या धरून गुपचूप खातो. उलट आंब्यावरचं बांडगुळाचं एक झुडूप, ज्यात रोज थोडीच फुलं उमलतात, ते त्याला सहज राखता येतं. तिथे त्याची दादागिरी बघण्यासारखी असते. एक शिंजीर बांडगुळाच्या नळीत चोच घालतो न घालतो तोच वरून हिरवा बाण येतो, दोघं दोन झाडं ओलांडून जातात, आणि अर्ध्या मिनिटात हरेवा परत येऊन त्याच काडीवर पिसं फुगवून बसलेला असतो. फोटो काढायचा असेल तर ही परतीची काडी हेरून ठेवा. पांढऱ्या आभाळासमोर एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवा, नाहीतर काळ्या गळ्यातली निळी मिशी काळ्यातच बुडते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावू नका. राखणदार पक्षी असल्याने तो येईल, नक्कीच येईल, पण त्या वेळात त्याचं अन्नाचं झाड दुसऱ्याच्या ताब्यात जातं, आणि वीण चालू असेल तर घरटं उघडं राहतं.

मध हे मात्र त्याचं एकमेव अन्न नाही. अळ्या, कोळी, लहान कीटक आणि फळं यांवर तो वर्षभर जगतो. वड, पिंपळ, उंबर फळले की तिथे हमखास. पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात तो अनेकदा मिश्र थव्यात फिरतो: सुभग, निखार, वटवटे, कोतवाल यांची एक लाट झाडीतून सरकते आणि तिच्यासोबत वरच्या थरात एखादी हरेव्याची जोडी. जंगलात बराच वेळ काहीच दिसत नसेल तर अशा थव्याची वाट पाहावी.

अधिवासात दोन्ही जातींची ओढ थोडी वेगळी आहे. सोनकपाळीला ओलसर पानझडी आणि निमसदाहरित रान जास्त मानवतं. जर्डन त्यामानाने मोकळ्या, कोरड्या रानात, विरळ झाडीत, आमरायांत आणि गावाजवळच्या बागांतही रमतो. जर्डनचा हरेवा भारत आणि श्रीलंका सोडून कुठे नाही, सोनकपाळी मात्र आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. कर्नाळा किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी दोन्ही भेटू शकतात, म्हणून तिथे ‘या भागात अमुकच असतो’ हा आधार चालत नाही. गोव्यात मोले, बोंडला इथेही तसंच. तुमच्या परसात, आमराई आणि जंगलाच्या सीमेवर, जर्डनची जोडी मुक्कामी आणि सोनकपाळी सावर फुलल्यावर येणारा पाहुणा, अशी स्थिती असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री करायला जूनपर्यंत आठवड्यातून एकदा त्याच जागी अर्धा तास बसून गळ्याचा रंग आणि काळ्या भागाचा आकार टिपत जा.

आता टिकवायचं कसं. सर्वांत मोठं काम म्हणजे असलेली सावर तोडायची नाही. नव्या रोपाला तेवढी फुलं यायला कैक वर्षं जातात, आणि परसात लावलेली पंधरा फुलझाडं मिळूनही एका जुन्या सावरीची बरोबरी करत नाहीत. त्यानंतर फुलांच्या हंगामातले खंड भरायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला सावर-पळस आहेतच. पांगारा कुंपणाला लावता येतो. पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड, दीड-दोन मीटर लांबीची फांदी एक-दीड फूट खोल रोवली की बहुधा जगते, फक्त कापलेलं टोक उलटं रोवू नका आणि खड्ड्यात पाणी साचू देऊ नका, बूड कुजतं. पानांवर आणि कोंबांवर वेड्यावाकड्या गाठी आल्या तर तो एका सूक्ष्म गांधीलमाशीचा उपद्रव असतो. गाठीचे शेंडे छाटून जाळावेत, शेजारीच टाकू नयेत. धायटीचं झुडूप उन्हाच्या उतारावर लावा. मुरुडशेंग हे फार दुर्लक्षित झुडूप आहे. पावसाळ्यात, जेव्हा मोठी मधाची झाडं रिकामी असतात, तेव्हा त्याची विटकरी-लाल फुलं हरेवा आणि शिंजीर दोघांनाही उपयोगी पडतात. माणसाच्या उंचीचं, शेळ्या-गुरांच्या रेट्यातही तगणारं, आणि पाणी घालावं लागत नाही. उंबर लावणार असाल तर घर, विहीर आणि टाकीपासून किमान १० मीटर दूर.

बांडगुळाबद्दल विचाराल तर उत्तर सोयीचं नाही. हरेव्याला ते फार आवडतं, आंब्याला ते मारक असतं, आणि फुलटोच्या हा इवलासा पक्षी त्याची चिकट बी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन पुसत राहतो. उत्पन्नाच्या कलमांवरून ते काढावंच. नुसती पानं ओरबाडून उपयोग नाही, मुळं सालीखाली फांदीत शिरलेली असतात. बांडगूळ चिकटलेल्या गाठीच्या खाली वीतभर सोडून फांदीच कापावी लागते, तीही फळ उतरल्यावर. कडेच्या रानटी झाडावर एखादं राहिलं तर राहू द्यावं, पण ते कलमांवर पुन्हा येईल हे धरून दरवर्षी नजर ठेवावी लागेल.

फवारणीची वेळ हा खरा अडचणीचा भाग आहे. मोहोरावरच्या तुडतुड्यासाठी फवारणी होते ती नेमकी सावर फुलायच्या आसपास. कलमांवर फवारताना वारा सावरीकडे वाहत नाही ना ते बघा, वारा पडल्यावरच पंप लावा, आणि तुडतुडा खरोखर आहे का हे मोहोर हलवून पाहिल्याशिवाय ‘वेळापत्रकात आहे म्हणून’ फवारू नका. पिल्लांना अळ्याच भरवल्या जातात, आणि अळ्या नसलेल्या बागेत घरटं झालं तरी पोसणं अवघड.

पाण्यासाठी मातीचं परळ पुरतं. खोली २ ते ३ सेंटिमीटरच हवी, त्याहून जास्त असेल तर आत दगड टाका. हरेवा सहसा जमिनीवर उतरत नाही, तेव्हा परळ दीड-दोन मीटर उंचीवर, झाडीच्या कडेला टांगा. रोज पाणी बदला आणि आठवड्यातून एकदा नारळाच्या शेंडीने घासा. साखरपाणी ठेवू नका. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं, मुंग्या येतात, आणि फुलझाड लावायचा आळस तेवढा वाढतो. झाडाकडे तोंड असलेली मोठी काच असेल तर तिला बाहेरून ५-५ सेंटिमीटरवर ठिपके लावा. भांडत सुटलेला हरेवा थेट काचेतल्या झाडात घुसतो.

काचेवर आपटलेला पक्षी सापडला तर मुठीत धरू नका. हरेवे हाताळले की अंगावरची पिसं झपाट्याने गळतात, नीलपरी या रानपक्ष्याचंही तसंच. पकडणाऱ्याच्या तोंडात पिसं यावीत आणि आपण निसटावं अशी ही युक्ती असावी, पण त्यामुळे वाचवणाऱ्याच्या हातातही नुसती पिसं उरतात. वरून हलकं सुती कापड टाकून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तासाभरात सावरला तर त्याच झाडाखाली खोकं उघडा. नाही सावरला, किंवा पंख लोंबत असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बरा होईपर्यंत पिंजऱ्यात ठेवतो असं म्हणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. नकलाकार असल्यामुळे याला पिंजऱ्याची भीती आधीच जास्त आहे.

घरटं शोधायला जाऊ नका, सापडणारही नाही. ते झाडाच्या बाहेरच्या, उंच आणि बारीक फांदीच्या दुबेळक्यात असतं, वेलींचे तणावे, बारीक मुळं आणि गवत यांची सैलसर उथळ वाटी. अंडी दोन, क्वचित तीन. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यात वीण चालते, ठिकाणानुसार मागेपुढे. म्हणून फांद्यांची छाटणी, बांडगुळासाठीचीही, एप्रिल ते ऑगस्ट टाळा. वादळात घरट्यासकट फांदी खाली आली आणि पिल्लं जिवंत असली तर छोट्या परडीत सुकं गवत घालून ती त्याच झाडावर, शक्य तितकी वर, सावलीत बांधा आणि लांब जाऊन बसा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लं टाकत नाहीत. माणूस खाली उभा राहिला तर मात्र ते भरवायला येत नाहीत.